आरओई की राखलेल्या नफ्यावरचा परतावा? बँकेचा शेअर तपासताना होणारी गल्लत

बँकेच्या शेअरचा विषय निघाला की पहिला आकडा समोर येतो तो आरओईचा, म्हणजे भागधारकांच्या भांडवलावरच्या परताव्याचा. त्यामागोमाग हिशेब येतो: ‘आरओई १८ टक्के आहे, नफ्यातला बराचसा भाग बँक स्वतःकडेच ठेवते, म्हणजे नफा दरवर्षी ११ टक्क्यांच्या आसपास वाढायला हरकत नाही.’ हिशेब वरवर चोख दिसतो. पण जुन्या भांडवलावर जे मिळतं तेच नव्याने गुंतलेल्या पैशावरही मिळणार, हे त्यात कुणी न सांगता धरलेलं असतं. ते खरं आहे की नाही हे आरओई सांगत नाही. त्यासाठी दुसरा आकडा काढावा लागतो, राखलेल्या नफ्यावरचा परतावा. दोन्ही टक्क्यांत असतात आणि दोन्हींत नफा वर व भांडवल खाली असतं, म्हणून ते एकच वाटतात.

आरओई म्हणजे या वर्षीचा निव्वळ नफा भागिले भागधारकांचं एकूण भांडवल. त्या भांडवलात बँक सुरू झाल्यापासूनचे सगळे पैसे आले: सुरुवातीचे, मधल्या काळात शेअर विकून उभारलेले आणि दरवर्षी लाभांश देऊन उरलेले. थोडक्यात, ती सगळ्या पैशांची सरासरी. दुसरा आकडा फक्त अलीकडे राखलेल्या पैशांविषयी बोलतो. एक कालखंड घ्यायचा, त्यात ईपीएस, म्हणजे प्रतिशेअर नफा, किती वाढला ते पाहायचं आणि त्याला त्याच काळात प्रतिशेअर राखलेल्या एकूण नफ्याने भागायचं. राखलेला नफा म्हणजे ईपीएसची बेरीज वजा लाभांशाची बेरीज.

आता ‘अ’ बँक घेऊ. पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला पुस्तकी मूल्य, म्हणजे भागधारकांचं भांडवल, प्रतिशेअर १०० रुपये आणि त्या वर्षीचा ईपीएस १८. पुढच्या चार वर्षांचे ईपीएस १८.६०, १९.२०, १९.८० आणि २०.४०. पाच वर्षांची बेरीज ९६ रुपये. त्यातले ३६ लाभांशात गेले, ६० बँकेत राहिले. सहाव्या वर्षी ईपीएस २१. म्हणजे ६० रुपये ठेवून घेतल्यावर वाढ झाली ३ रुपयांची. राखलेल्या नफ्यावरचा परतावा ५ टक्के.

सहाव्या वर्षीचा आरओई मात्र २१ भागिले १६०, म्हणजे १३ टक्क्यांच्या थोडा वर. १८ वरून १३ वर आला, पण पाच वर्षांत हळूहळू आल्याने फारसं कुणी दचकत नाही. १३ टक्के हा आकडाही कानाला बरा वाटतो. जुन्या १०० रुपयांची चांगली कमाई नव्या ६० रुपयांची सुमार कमाई झाकून टाकते. सुरुवातीचा हिशेब इथेच फसतो. ९६ पैकी ६० राखले म्हणजे राखण्याचं प्रमाण ६२.५ टक्के. १८ टक्के आरओईला त्याने गुणलं तर ११ टक्क्यांहून जास्त वाढ अपेक्षित होती. प्रत्यक्षात ईपीएस वाढला वर्षाला जेमतेम ३.१ टक्के. आणि ५ टक्क्यांना ६२.५ टक्क्यांनी गुणा: ३.१ टक्केच येतात.

अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी आपल्या बर्कशायर हॅथवे कंपनीच्या १९८३ सालच्या अहवालातल्या पत्रात राखलेल्या प्रत्येक डॉलरमागे निदान एक डॉलरचं बाजारमूल्य तयार व्हावं, अशी कसोटी घातली होती. त्यांचा निकष बाजारमूल्याचा आहे आणि आपला कमाईचा. पण राखलेल्या पैशाचा जाब मागायचा, हा दोन्हींमागचा हेतू एकच.

‘ब’ बँकेचं चित्र नेमकं उलटं. पुस्तकी मूल्य १००, पहिल्या पाच वर्षांचे ईपीएस १०, ११, १२, १३, १४. बेरीज ६०, लाभांश २०, राखले ४०. सहाव्या वर्षी ईपीएस १६. वाढ ६ रुपये, म्हणजे राखलेल्या नफ्यावर १५ टक्के. आरओई मात्र १६ भागिले १४०, साधारण ११.४ टक्के. आरओईच्या क्रमाने यादी लावली तर ‘अ’ वर, ‘ब’ खाली. नव्या पैशाच्या क्रमाने लावली तर ‘ब’ कितीतरी पुढे.

एखादा कारखाना असता तर मी इथेच ‘ब’च्या बाजूने कौल दिला असता. बँकेच्या बाबतीत तशी घाई करू नये, आणि त्याचं पहिलं कारण तरतुदी.

बँकेचा निव्वळ नफा हा कर्जं बुडण्याच्या शक्यतेसाठी केलेल्या तरतुदी वजा जाऊन उरतो. वाईट काळात तरतुदी फुगतात, चांगल्या काळात आटतात. समजा ‘ब’ बँकेचा तरतुदींपूर्वीचा नफा, कराचा भाग वेगळा काढून, पहिल्या वर्षी प्रतिशेअर १६ होता आणि ६ रुपये तरतुदींत गेले. सहाव्या वर्षी तो १८ झाला आणि तरतुदींत फक्त २ गेले. मग ६ रुपयांच्या वाढीतले ४ रुपये जुनी थकीत कर्जं निस्तरल्यामुळे आलेले आहेत. राखलेल्या ४० रुपयांशी त्यांचा संबंध नाही. दोन्ही वर्षांना सरासरी ४ रुपयांची तरतूद लावली तर नफा १२ वरून १४ वर जातो. वाढ २ रुपये, राखलेल्या नफ्यावर ५ टक्के. म्हणजे ‘अ’ आणि ‘ब’ एकाच पायरीवर! सूत्र ईपीएसची सगळी वाढ राखलेल्या पैशाच्या खात्यात टाकतं, हा त्याचा मोठा दोष. बँकांच्या नफ्यात चढउतार जास्त, म्हणून तिथे तो जास्त टोचतो.

म्हणून कालखंड निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या बँकांनी महासाथीच्या धास्तीने प्रचंड तरतुदी केल्या आणि भीती खरी न ठरल्यावर २०२१ मध्ये त्यातल्या बऱ्याच परत नफ्यात वळवल्या. २०२० पासून मोजायला सुरुवात केली तर कुठल्याही व्यवस्थापनाचं काम डोळे दिपवणारं वाटेल. २०२१ हे शेवटचं वर्ष धरलं तरी तेच. मी स्वतः तीन वर्षांच्या आकड्यावर अजिबात विसंबत नाही. कर्जाचं एक पूर्ण चक्र, म्हणजे निदान सात ते दहा वर्षं, आणि दोन्ही टोकांना एका वर्षाऐवजी दोन-तीन वर्षांची सरासरी, इतकं केल्याशिवाय या आकड्याला अर्थ येत नाही.

दुसरं कारण जास्त खोल आहे. बँकेसाठी भांडवल हा कर्ज देण्याचा परवानाच आहे. बाझल ३ या बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जोखीमभारित मालमत्तेच्या (म्हणजे जोखमीप्रमाणे कमी-जास्त वजन देऊन मोजलेल्या कर्जांच्या व इतर मालमत्तेच्या) निदान ४.५ टक्के सर्वांत भक्कम दर्जाचं भांडवल लागतं. त्यावर २.५ टक्क्यांची संवर्धन उशी, म्हणजे वाईट काळासाठीचं जादा भांडवल, येते आणि देशोदेशीचे नियामक त्यात आणखी भर घालतात. राखलेला नफा याच भक्कम भांडवलात जमा होतो. बँक १० टक्क्यांची पातळी राखत असेल तर राखलेल्या एका रुपयावर जोखीमभारित १० रुपयांची कर्जं उभी राहू शकतात. पण राहतीलच असं नाही.

‘अ’कडे परत जाऊन हे तपासता येतं. सुरुवातीला प्रतिशेअर जोखीमभारित मालमत्ता १,००० रुपये होती, म्हणजे भांडवलाचं प्रमाण १० टक्के. सहाव्या वर्षाच्या सुरुवातीला ती १,६०० झाली असेल, तर प्रमाण १० टक्केच राहिलं आणि राखलेला सगळा पैसा नव्या कर्जांमागे लागला. मग नफा मात्र त्या मालमत्तेच्या १.८ टक्क्यांवरून १.३ वर घसरला. याचा सरळ अर्थ, बँकेने स्वस्तात कर्जं वाटून आकार वाढवला. असल्या बँकेने पैसे लाभांश म्हणून वाटून टाकले असते तर बरं झालं असतं.

पण जोखीमभारित मालमत्ता फक्त १,१०० झाली असेल, तर गोष्ट निराळी. भांडवलाचं प्रमाण १४.५ टक्क्यांवर गेलं, आणि १० टक्क्यांच्या हिशेबाने ११० रुपयेच लागत असताना ५० रुपये जास्तीचे साठले. मालमत्तेवरचा नफा उलट १.९ टक्क्यांवर चढला. धंदा खणखणीत आहे, फक्त उशी जाड झाली आहे. हे ५० रुपये तिजोरीत पडून नसतात; तेवढ्या ठेवी किंवा उसनवारी कमी लागते आणि व्याज वाचतं. पण वाचलेल्या व्याजाएवढाच त्यांचा परतावा, म्हणून एकूण आकडा खाली ओढला जातो. परतावा ५ टक्केच, पण पहिल्या चित्रात पैसा कमी कमाईच्या कर्जांत अडकून बसला, दुसऱ्यात तो पुढे कर्जासाठी किंवा लाभांशासाठी हाताशी आहे. त्यामुळे राखलेल्या नफ्यावरचा परतावा काढला की लगेच भांडवल पर्याप्ततेचा आकडा, म्हणजे भांडवलाचं जोखीमभारित मालमत्तेशी प्रमाण, सुरुवातीला किती आणि शेवटी किती, हे पाहिलंच पाहिजे. आरओई एकटा घेऊन बसलं तर हा फरक हाती लागत नाही.

राखायचं की वाटायचं, हा निर्णय नेहमी व्यवस्थापनाच्या हातात नसतो, हेही लक्षात ठेवावं. मार्च २०२० मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेने बँकांना लाभांश थांबवण्याची शिफारस केली आणि एप्रिलमध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१९-२० च्या नफ्यातून आणखी लाभांश देण्यास मनाई केली. अशा सक्तीने राखलेल्या पैशावर परतावा कमी दिसला म्हणून व्यवस्थापनाला नालायक ठरवणं अन्यायाचं होईल.

शेअरसंख्या बदलली असेल तर सूत्र आणखी हलतं. बँकेने पुस्तकी मूल्याच्या कितीतरी वर शेअर विकून पैसा उभारला, तर त्याची कमाईही ईपीएसमध्ये मिसळते आणि श्रेय राखलेल्या नफ्याला मिळतं. बँकेने स्वतःचेच शेअर परत विकत घेतले, म्हणजे पुनर्खरेदी केली, तर उलटी गडबड: पैसा बाहेर गेलेला असतो, पण सूत्र फक्त लाभांश वजा करत असल्याने तो राखलेलाच धरला जातो. अहवालातल्या भांडवलातील बदलांच्या तक्त्यात या दोन्ही नोंदी सापडतात. त्या वेगळ्या काढूनच भागाकार करावा.

आणि सगळ्यांत जपायचं ते झपाट्याने कर्ज वाढवणाऱ्या बँकेच्या बाबतीत. नवं कर्ज पहिल्या दिवसापासून व्याज देऊ लागतं, थकायचं असेल तर सहसा वर्ष-दोन वर्षांनी थकू लागतं. त्यामुळे वाढीच्या वर्षांत नफा आधी पुस्तकात येतो, नुकसान मागून येतं. शिवाय थकीत कर्जांचं प्रमाण काढताना खाली एकूण कर्जं असतात आणि ती फुगत असल्याने तेही गोंडस दिसतं. अशा बँकेचा राखलेल्या नफ्यावरचा परतावा २० टक्के आला, तर कर्जवाढ मंदावेपर्यंत आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं उलटेपर्यंत मी त्या आकड्यावर शेअरची किंमत ठरवणार नाही.