राखाडी सोफा ‘कशावरही जातो’? नाही जात

“ग्रे घ्या, कशावरही जातो.” सोफा घ्यायला निघालेल्याला हा सल्ला मिळतोच. पण कापडातला राखाडी क्वचितच निव्वळ काळ्या-पांढऱ्याचा असतो. त्यात निळी, हिरवट, जांभळी नाहीतर मातकट झाक असते. ती ओळखायला कापडाच्या तुकड्याशेजारी पांढरा कोरा कागद ठेवा, लगेच दिसते.

त्यात शेजारचा रंगही लुडबुड करतो. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली होती, की काळा धागा फिका पडतो. धाग्यात खोट नव्हती. शेजारच्या रंगांमुळे तो तसा भासत होता. त्यावरचा त्यांचा अभ्यास १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणूनच लाल गालिच्यावरचा राखाडी हिरवट वाटतो, पिवळ्या भिंतीपुढचा निळसर-जांभळा.

शिवाय दिवे. आपल्याकडे हॉलमध्ये सर्रास ६५०० केल्व्हिनची (केल्व्हिन हे प्रकाशाच्या छटेचं माप) पांढरी ट्यूब असते. तिच्याखाली निळसर राखाडी दवाखान्याच्या प्रतीक्षालयासारखा थंड दिसतो. २७०० ते ३००० केल्व्हिनचा पिवळसर दिवा लावला, की तोच सोफा उबदार वाटतो. कुशन बदलण्याआधी दिवा बदला, स्वस्तात पडेल.

निळसर राखाडीला सागवानी टीपॉय किंवा पितळी समई छान ऊब देते. मातकट राखाडीमागे मात्र निळसर पांढरी भिंत नको, सोफा मळका दिसतो. तिथे मोतिया बरा.

आणि हो, ‘डाग दिसत नाहीत’ हेही खोटं. फिक्या राखाडीवर हळद लांबूनच दिसते.