चार्जरची पिन एक झाली, पण घड्याळाचं काय?

ठाणे स्टेशनच्या आसपास कुठल्याही मोबाईलच्या दुकानात स्मार्टवॉच बघायला गेलात की दुकानदार आधी विचारतो, फोन कुठलाय, अँड्रॉइड की आयफोन? कारण दुसऱ्या कंपनीचं घड्याळ आयफोनला जोडलं की मेसेज दिसतो पण तिथूनच रिप्लाय करता येत नाही. यात घड्याळाची काही खोट नसते, फोनच तेवढी मुभा देत नाही. युरोप सध्या हेच सोडवायला बसलंय, आणि हे भांडण फार जुनं आहे.

अमेरिकेत एकेकाळी टेलिफोन म्हणजे एटी अँड टी ही एकच कंपनी. लाइन त्यांची, घरातलं यंत्रही त्यांचंच, आणि त्याला बाहेरचं काहीही लावायला बंदी. हश-अ-फोन नावाची एक साधी वस्तू होती, रिसिव्हरच्या तोंडाला बसवायची, म्हणजे बाजूच्याला आपलं बोलणं ऐकू जाऊ नये, बस एवढंच. ना वायर ना वीज, तरी कंपनीने हरकत घेतली, टेलिफोनवर देखरेख करणारा सरकारी आयोगही कंपनीच्याच बाजूने गेला आणि शेवटी १९५६ मध्ये कोर्टाने लोकांना ती वापरायची मोकळीक दिली. मग टेक्सासचा टॉम कार्टर आला, त्याचं कार्टरफोन वायरलेस रेडिओवरचं बोलणं टेलिफोनवर पोचवायचं. १९६८ ला आयोगाने सांगितलं, नेटवर्कचं नुकसान होत नसेल तर लावू द्या. पुढे आन्सरिंग मशीन, फॅक्स, मोडेम घरोघरी गेले त्याला या निकालाने वाट करून दिली.

मोबाईलमध्ये तेच परत सुरू झालं. नोकियाची बारीक पिन, सोनीची वेगळी, सॅमसंगची वेगळी, कुणाकडे गेलो की आधी चार्जर आहे का विचारायचं, आठवतंय ना? २००९ ला युरोपने कंपन्यांना मायक्रो यूएसबीवर राजी केलं, पण तो नुसता समझोता होता, अॅपलने अॅडॉप्टर देऊन वेळ निभावली आणि २०१२ ला स्वतःचं लायटनिंग आणलं. शेवटी २०२२ ला युरोपात टाइप सी पिन सक्तीची करणारा कायदाच झाला, आणि आयफोन १५ टाइप सी घेऊन आला.

पण पिन एक झाली म्हणून काम भागत नाही, खरं कुलूप सॉफ्टवेअरमध्ये असतं. म्हणून डिजिटल मार्केट्स अॅक्ट, म्हणजे बड्या टेक कंपन्यांवर बंधनं घालणारा युरोपचा कायदा, महत्त्वाचा. त्याखाली १९ मार्च २०२५ ला युरोपियन कमिशनने अॅपलला नेमकं काय काय खुलं करायचं ते लिहूनच दिलं, घड्याळावरची नोटिफिकेशन्स, हेडफोन जवळ आणला की आपोआप होणारी जोडणी (पेअरिंग), अशी नऊ फीचर्स. कायदा मोडला तर जगभरच्या उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड.

अॅपल म्हणतं, याने लोकांची प्रायव्हसी धोक्यात येईल, आणि ते कोर्टातही गेलेत. नोटिफिकेशनमध्ये आपले ओटीपी येतात, त्यामुळे हा मुद्दा उडवून लावता येणार नाही, पण धोका आहे तर नियम घाला, परवानगी विचारा, दार कायमचं बंद ठेवायला ते कारण पुरत नाही. एटी अँड टीसुद्धा नेटवर्कच्या सुरक्षिततेचंच कारण सांगायची.

आपल्याकडे डिजिटल कॉम्पिटिशन बिलाचा मसुदा मार्च २०२४ ला आला, त्यात गैरप्रकार होण्याची वाट न बघता मोठ्या डिजिटल कंपन्यांवर आधीच बंधनं घालायची कल्पना आहे. युरोपचा आदेश मात्र युरोपपुरताच, त्याच्या जोरावर ठाण्यातल्या ग्राहकाला काही मागता येत नाही.