अलेक्झांड्राइट परिणाम

एकाच पदार्थाचा रंग दिवसाच्या उजेडात एक आणि तंतूच्या बल्बखाली दुसराच दिसणे. उन्हात काळवंडणाऱ्या चष्म्याच्या काचेशी याची नेहमी गल्लत होते. त्या काचेत अतिनील किरणांमुळे खरोखरच बदल घडतो आणि तो ओसरायला काही मिनिटे लागतात. इथे पदार्थ जसाच्या तसा राहतो, बदलतो तो उजेड. म्हणून दिवा बदलताक्षणी रंगही पालटतो.

1830च्या दशकात रशियातील उरल पर्वतात सापडलेल्या अलेक्झांड्राइट रत्नावरून हे नाव पडले. हे रत्न म्हणजे क्रायसोबेरिल खनिजाचा एक प्रकार. लसण्याही त्याच खनिजाचा. त्यातील काही ॲल्युमिनियम अणूंची जागा क्रोमियमने घेतलेली असते. हेच क्रोमियम माणकात लाल आणि पाचूत हिरवा रंग आणते. अलेक्झांड्राइट या दोहोंच्या मध्ये पडतो : 580 नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश तो शोषून घेतो, तर निळसर हिरवा आणि तांबडा प्रकाश जवळपास सारख्याच प्रमाणात आरपार सोडतो. पारडे कुठे झुकणार हे मग दिवा ठरवतो. सुमारे 6,500 केल्व्हिनच्या (हे उजेडाच्या रंगाचे माप : आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका तांबूस) दिवसाच्या उजेडात खडा हिरवा, तर सुमारे 2,800 केल्व्हिनच्या बल्बखाली जांभळट लाल दिसतो. निओडिमियमयुक्त काचही अशीच फसवी : उन्हात फिकट जांभळी, ट्यूबलाइटखाली निळसर.

खडा तपासताना तो पांढऱ्या, चकाकी नसलेल्या कागदावर ठेवावा. आधी खिडकीतला, थेट ऊन नसलेला उजेड घ्यावा. मग खोली पूर्ण अंधारी करून फक्त तंतूचा बल्ब लावावा. दोन्ही उजेड मिसळले तर मळकट राखाडी-तपकिरी छटा दिसते. मधल्या वेळेत खडा फिरवू नये, कारण अलेक्झांड्राइट दिशेनुसारही वेगळे रंग दाखवतो आणि ते उजेडाच्या खाती जमा होतात. ‘वॉर्म’ एलईडीवर विसंबू नये. बऱ्याच एलईडींत गडद तांबडा भाग तोकडा असल्याने चांगला खडाही मंद वाटतो. छायाचित्र घेताना प्रत्येक उजेडात करड्या कार्डावर व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचा रंगसमतोल) नव्याने लावावा. तो ‘डेलाइट’वरच ठेवला तर बल्बखाली साधी काचही नारिंगी उमटते.

‘अलेक्झांड्राइट’ म्हणून विकला जाणारा स्वस्त खडा पुष्कळदा व्हॅनेडियमयुक्त कृत्रिम कुरुंद (माणकाचे खनिज) असतो. तो करड्या निळ्यावरून जांभळ्यावर जातो, अस्सल हिरवा कधीच होत नाही. वर्णपटदर्शकात (प्रकाश रंगांत फोडून दाखवणाऱ्या उपकरणात) 475 नॅनोमीटरला त्याची बारीक काळी रेघ दिसते. प्रयोगशाळेत वाढवलेला खरा अलेक्झांड्राइट मात्र रंगपालटात खाणीतल्या खड्याला हार जात नाही. तिथे रंग बाजूला ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली आतले कण आणि वाढीच्या रेषाच पाहाव्या लागतात.