हळदीच्या डीजेला लायसन लागतं का? गाण्यांच्या कॉपीराइटची कोकणापुरती पार्श्वभूमी

अलिबागपासून खाली गोव्यापर्यंत लग्नासाठी रिसॉर्ट नाहीतर मोठा हॉल बघायला गेलात की हल्ली बऱ्याच ठिकाणी करारात एक ओळ असते, संगीताचे परवाने पार्टीने आणायचे. पार्टी म्हणजे आपण. डीजेवाला म्हणतो माझं काम फक्त वाजवायचं, मॅनेजर म्हणतो वरून ऑर्डर आहे, आणि तेवढ्यात कोणीतरी मेव्हणा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली सरकारी नोटीस दाखवतो की लग्नाला लायसन लागतच नाही. आता गंमत अशी की मॅनेजर पूर्ण चुकीचा नाही आणि मेव्हणाही नाही. हा घोळ एका दिवसात झालेला नाही, त्याला चाळीसेक वर्षांची खटपट आहे, आणि त्यातली बरीचशी दिल्लीत झाली.

जुना भाग पटकन उरकतो. १९१४ चा इंग्रजांचा कायदा होता, मग १९५७ चा आपला आला, २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्या काळात गाण्याची चोरी ही कोणाची डोकेदुखी नव्हतीच, कारण तबकडी काढायला कारखाना लागायचा आणि तो धंदा देशात जवळजवळ एकाच कंपनीच्या हातात होता, कारखाना कलकत्त्याजवळ.

कॅसेट आली आणि सगळं फिरलं. आपल्याकडे तर ती मुंबईच्या बाजारातून यायच्या आधी आखातातून आली म्हटलं तरी चालेल. श्रीवर्धन-म्हसळ्यापासून दापोली, खेड, चिपळूण, रत्नागिरीपर्यंत ज्या घरातला माणूस दुबई-कुवेतला होता त्या घरात टू-इन-वन आणि कोऱ्या कॅसेटी आल्या, गोव्यातही तेच. मग शेजारचा म्हणायला लागला माझी पण भरून दे. तिथून तालुक्याच्या गावी "गाणी भरून मिळतील" अशी दुकानं निघाली, गिऱ्हाईक कागदावर यादी लिहून द्यायचं, दुकानदार दोन डेक समोरासमोर लावून संध्याकाळपर्यंत कॅसेट तयार ठेवायचा. याला कोणी चोरी म्हणत नव्हतं, सर्व्हिस म्हणत होते.

पण त्याच स्वस्त कॅसेटनं आणखी एक काम केलं जे पायरसीच्या भाषणांत कधी येत नाही. कलकत्त्याच्या कंपनीला जाखडीसारख्या कोकणातल्या नाचगाण्यात काय रस असणार? शक्ती-तुऱ्याचे सामने, बाल्या डान्स, दोन भजनी बुवांचा सामना रंगतो ती डबलबारीची भजनं, कोळीगीतं, गोव्यातली तियात्रं म्हणजे कोकणी नाटकं, यातलं बरंचसं कॅसेटवर आलं ते छोट्या कंपन्यांमुळे, गणपतीच्या आधी माल काढायचा आणि चाकरमान्यांना एसटी स्टँडवर विकायचा. आणि या गाण्यांच्या चाली? निम्म्या सिनेमाच्या! बुवांनी हिट गाण्याची चाल उचलायची, त्यावर विठ्ठलाचे शब्द बसवायचे, गजर रंगला की रंगला. उलट बाजूनं सिनेमावाल्यांनी कोळ्यांच्या चाली "पारंपरिक" म्हणून उचलल्या, त्याचा हिशोब तर कोणी मागितलाच नाही. म्हणजे देवघेव दोन्हीकडून होती, पण कायदा करायची वेळ आली तेव्हा एकाच बाजूची नुकसानी मोजली गेली. हे माझं मत आहे, कंपनीवाले वेगळं सांगतील.

१९८४ ला रेकॉर्ड आणि व्हिडिओवाल्यांच्या ओरडीनंतर कायदा कडक झाला. आधी जास्तीत जास्त वर्षभराची कैद होती, ती कमीत कमी सहा महिने ते तीन वर्षं झाली, दंड ५० हजार ते २ लाख. सब-इन्स्पेक्टर आणि त्याच्या वरच्या पोलिसाला वॉरंटशिवाय माल उचलायचा अधिकार मिळाला. त्याच साली सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, सिंगापूरहून नेपाळला निघालेल्या नकली कॅसेटींचा माल कलकत्त्याला उतरला होता. आपल्या देशात विकायचा नाहीये, नुसता जातोय, असा बचाव होता. कोर्ट म्हणालं नुसता जात असला तरी ती आयातच.

कायदा कडक झाला पण त्यातच एक फट आधीपासून होती, व्हर्जन रेकॉर्डिंगची. एकदा परवानगीनं रेकॉर्ड झालेलं गाणं दुसऱ्यानं नोटीस देऊन, रॉयल्टी भरून परत नव्या आवाजात गायलं तर चालायचं. दिल्लीच्या एका नव्या कंपनीनं याच फटीतून जुनी सिनेमाची गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि निम्म्या किमतीत बाजार भरून टाकला. जुनी कंपनी ओरडत राहिली. पुढे १९९४ च्या दुरुस्तीत आधी दोन वर्षं थांबा अशी अट आली, २०१२ ला ती पाच वर्षं झाली आणि वर दरवर्षी निदान ५० हजार प्रतींची रॉयल्टी भरा असं आलं. आता सांगा, मालवणातला कुठला छोटा कॅसेटवाला ५० हजार प्रतींचे पैसे आधी भरणार? मोठ्यांनी ज्या शिडीवरून चढून घेतलं ती नंतर वर ओढून घेतली, दुसरं काय.

गाणाऱ्या माणसाचं काय, तर बराच काळ काहीच नाही. १९७७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सिनेमासाठी पैसे घेऊन गाणं लिहिलं किंवा चाल दिली, आणि करारात वेगळं काही नसेल, तर पहिला मालक निर्माता. गायकाला तर कायद्यात जागाच नाही, याबद्दल एका न्यायमूर्तींनी वेगळी टिप्पणी लिहून खंत व्यक्त केली होती. कलाकाराचा हक्क म्हणून काहीतरी आलं ते १९९४ च्या दुरुस्तीत, १० मे १९९५ पासून लागू. तोपर्यंत डबलबारीत समोर टेप ठेवून कोणी अख्खी रात्र भरून घेतली आणि विकली तर बुवांच्या हातात कॉपीराइट कायद्यानं कलाकार म्हणून काही नव्हतं.

ही १९९४ ची दुरुस्ती महत्त्वाची. गॅट हा जागतिक व्यापाराचा करार होत होता, १ जानेवारी १९९५ पासून ट्रिप्स हा त्यातला कॉपीराइट-पेटंटचा भाग लागू होणार होता, अमेरिका दरवर्षी यादी काढून भारताला डोळे दाखवत होती, म्हणजे बाहेरचा दबाव भरपूर. पण त्याच दुरुस्तीत, सवलतींच्या लांबलचक यादीच्या शेपटाला, एक कलम घातलं गेलं, ५२(१)(झेडए). लग्नाचा सगळा घोळ इथला.

कलम म्हणतं की खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात, किंवा सरकारच्या नाहीतर ग्रामपंचायत-नगरपालिकेच्या अधिकृत समारंभात गाणं सादर केलं किंवा रेकॉर्ड वाजवली तर कॉपीराइटचा भंग होत नाही. आणि खाली खुलासा आहे, धार्मिक समारंभात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक सोहळे येतात. एवढंच. वरात स्पष्ट आहे, खालूबाजा असो नाहीतर बँजो, कोणी विचारू शकत नाही. पण "इतर सामाजिक सोहळे" म्हणजे कुठपर्यंत? रायगडात आगरी-कोळ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम, रात्रभर डीजे, अख्खं गाव जेवायला. ती लग्नाशी जोडलेली नाही असं कोण म्हणेल? मग साखरपुडा, जो सहा महिने आधी झाला? मग रिसेप्शन? मग गोव्याच्या बीचवर इव्हेंट कंपनीनं लावलेलं संगीत, जिथे दिल्लीहून आलेला डीजे आहे आणि वऱ्हाड परत जायच्या आदल्या रात्रीची "आफ्टर पार्टी" पण आहे? परवाने विकणाऱ्यांचं, म्हणजे गाण्यांच्या मालकांच्या वतीनं पैसे घेणाऱ्या संस्थांचं म्हणणं की सप्तपदी आणि वरात सूट, बाकी धंदा आहे, हॉटेल पैसे कमावतंय, डीजे कमावतोय, फुलवाला पण कमावतोय, मग ज्याचं गाणं त्यानंच फुकट का द्यावं. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. हॉटेलवाल्यांचं म्हणणं की कायद्यात सोहळे असं अनेकवचन लिहिलंय, ते वाचा की. त्यात परवाना एकाच खिडकीवर मिळत नाही, रेकॉर्डिंगचा एकाकडे, शब्द आणि चालीचा दुसऱ्याकडे, काही लेबलांचा तिसऱ्याकडे, आणि आपल्या यादीतलं कुठलं गाणं कोणाचं हे लग्नघरात कोणाला माहीत असतं?

मग सरकार मध्ये पडलं. ऑगस्ट २०१९ ला केंद्राकडून एक जाहीर नोटीस निघाली की लग्नाला परवाना नको. तिला आव्हान दिलं गेलं आणि २०२२ ला पंजाब-हरियाणा हायकोर्टानं ती रद्द केली. तरी २४ जुलै २०२३ ला केंद्रानं जवळपास तेच परत सांगितलं, परवानेवाल्यांना म्हटलं कलमाच्या विरुद्ध वागू नका आणि लोकांना म्हटलं असल्या मागण्यांना बळी पडू नका. मेव्हण्याच्या मोबाइलवर आहे ती बहुतेक हीच. आणि मग ३० जानेवारी २०२४ ला गोवा सरकारनं एक पाऊल पुढे टाकत स्वतःचं परिपत्रक काढलं, की हॉटेलांनी किंवा परवाने देणाऱ्यांनी लग्न आणि त्याच्याशी जोडलेल्या सोहळ्यांसाठी परवानगीचा आग्रह धरायचा नाही, कोणी धरला तर तक्रार करा.

गोव्यात डेस्टिनेशन लग्नांचा धंदा केवढा आहे हे सांगायला नको, त्यामुळे हे परिपत्रक कोणाच्या सोयीचं होतं तेही उघड आहे. आपण लॉबिंग म्हटलं की फक्त म्युझिक कंपन्या डोळ्यासमोर आणतो, पण हॉटेलवाल्यांचंही वजन असतं आणि किनाऱ्यावर तर जास्तच असतं. परिपत्रकाविरुद्ध मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठात जे गेले त्यात एक देशभर परवाने देणारी संस्था होती, आणि दुसरी एक कॅसेट कंपनी. 

१३ ऑगस्ट २०२४ ला कोर्टानं परिपत्रक रद्द केलं. पेपरात मथळे आले की लग्नात गाणी वाजवायला आता पैसे लागणार. तसं कोर्ट म्हणालंच नव्हतं. कोर्टाचा मुद्दा होता की कायद्याचा अर्थ लावणं, तो वाढवणं हे परिपत्रकाचं काम नाही, ज्याचा हक्क आहे त्याला कोर्टात जायची वाट सरकार असं अडवू शकत नाही, अमुक सोहळा सवलतीत बसतो का हे त्या त्या केसमध्ये ठरेल. कलम जागेवर आहे, सवलत जागेवर आहे. फक्त ती आहे की नाही हे ठरवायला दर वेळी भांडायचं, आणि ज्याच्या घरात परवा लग्न आहे तो कोर्टात भांडणार नाही, तो पैसे भरून मोकळा होणार. म्हणजे कागदावर निकाल कोणाच्याच बाजूचा नाही, व्यवहारात आहे. हळद सवलतीत येते हे मला वाचताना तरी स्पष्ट दिसतं, आफ्टर पार्टी येत नाही हेही दिसतं, मधलं सगळं धुकट आहे आणि ते संसदेनं एका ओळीत साफ करता आलं असतं.

२०१२ ला तशी संधी होती. तेव्हा मोठी दुरुस्ती झाली, १७ मे ला राज्यसभेत आणि २२ मे ला लोकसभेत पास, २१ जूनपासून लागू. गीतकार-संगीतकारांना पहिल्यांदा असा रॉयल्टीचा हक्क मिळाला जो करारानं कायमचा विकता येत नाही, निर्माते आणि म्युझिक कंपन्यांचा जोरदार विरोध असताना. ते झालं कारण एक नामवंत गीतकार स्वतःच राज्यसभेत बसलेले होते आणि त्यांनी विषय लावून धरला. चांगलंच झालं, पण त्याच विधेयकातली परदेशी पुस्तकं स्वस्तात आणता येतील अशी तरतूद प्रकाशकांच्या ओरडीनंतर गळाली, यावरून हे कसं चालतं ते समजा. जाखडीच्या शाहिरांचं राज्यसभेत कोणी नव्हतं. लग्नाच्या कलमाला तर कोणी हातही लावला नाही.

इंटरनेटचं थोडक्यात. मार्च २०१२ च्या सुमाराला कलकत्ता हायकोर्टाच्या आदेशानं १०४ गाण्यांच्या साइट बंद करायला लावल्या, त्यानं आपल्याकडे काडीचा फरक पडला नाही कारण गावात साइटवर जातंच कोण होतं, मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड दिलं की भरून मिळायचं, ऐंशी सालचाच धंदा. महाराष्ट्रानं तर २००९ मध्ये "व्हिडिओ पायरेट" हा प्रकार झोपडपट्टी दादा आणि हातभट्टीवाल्यांच्या प्रतिबंधक कायद्यात टाकला, वर्षभर स्थानबद्ध करता येईल असा. पण कार्ड भरायचा धंदा बसवला तो कुठल्या कलमानं नाही, सप्टेंबर २०१६ नंतरच्या स्वस्त डेटानं. गाणी यूट्यूबवर फुकट वाजायला लागली, दुकानदार कव्हर आणि स्क्रीनगार्ड विकायला लागले.

आता डबलबारी पण तिथेच दिसते. बुवांनी जुन्या सिनेमाच्या चालीवर गजर म्हटला, पोरानं मोबाइलवर चढवला, लाखभर लोकांनी बघितला, की चालीच्या मालक कंपनीचा कॉपीराइटचा क्लेम लागू शकतो, आणि लागला तर जाहिरातीचे पैसे तिकडे. आणि ज्या बुवांची स्वतःची चाल आहे, पण रॉयल्टी वसूल करणाऱ्या कुठल्याच सोसायटीत नोंद नाही, त्यांचं गाणं दुसऱ्यानं उचललं तर क्लेम लावायला कोणी नाही. कलाकाराचा हक्क कायद्यात १९९५ पासून आहेच, तो वसूल करायची यंत्रणा कोकणातल्या भजनी मंडळांपर्यंत आलेली नाही. मुंबई-दिल्लीत मात्र परवाने विकायला नोंदणीकृत सोसायटी असावीच लागते की नुसता मालकही विकू शकतो यावर वेगवेगळी हायकोर्टं वेगवेगळं बोलतायत, एप्रिल २०२५ ला तो वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि दिल्ली हायकोर्टाच्या निकालातल्या परवान्याच्या दराच्या भागाला स्थगिती मिळाली. हा वाद कायमचा मिटेपर्यंत हॉलवाल्याच्या करारातली ओळ काय बदलत नाही. हळद घरच्या मांडवात करणाऱ्यांना मात्र अजून तरी सहसा कोणी विचारत नाही.