लुइजीचे दोन गेम: एक पुरवणी, एक वेगळं बिऱ्हाड

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता, त्यांना लुइजी कोण ते सांगायला नको. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या गेममधला मारिओचा हा भाऊ. खेळायला बसलं की मारिओ थोरल्याचा, लुइजी धाकट्याचा. थोरला खड्ड्यात पडेपर्यंत धाकट्याने रिमोट मांडीवर घेऊन बसायचं. मी धाकटा, तेव्हा पुढचं सगळं थोडं पक्षपाती आहे.

आवडत्या दुय्यम पात्राला स्वतःचा गेम मिळाला तर, ही कल्पना चाहते कायम रंगवतात. पण 'स्वतःचा गेम' म्हणताना स्पिन-ऑफ (पात्र उचलून त्याच्यासाठी रचलेला वेगळाच गेम) आणि एक्स्पान्शन (आधीच्या गेमला जोडलेली भर) यांची सरमिसळ होते. लुइजीच्या वाट्याला दोन्ही आले, म्हणून त्याच्यावरूनच पाहू.

आधी एक्स्पान्शन, कारण ते लवकर आटोपतं. दोघा भावांचा 'मारिओ ब्रदर्स' 1983 चा, त्याला तीस वर्षं झाली म्हणून 2013 हे निन्टेंडोने लुइजीचं वर्ष म्हणून साजरं केलं आणि त्यात 'न्यू सुपर लुइजी यू' आणला. आदल्या वर्षीच्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू'चाच नकाशा, तीच उडी मारत झेंड्यापर्यंत जायची रीत. लेव्हल मात्र नव्याने रचलेल्या, एकूण 82, आणि प्रत्येकीला 100 सेकंद. लुइजी उंच उडतो आणि थांबताना घसरतो. ही त्याची खोडही जुनीच, 1986 पासूनची. उत्तरपत्रिकेला जोडलेली पुरवणी असते तसा हा प्रकार: अक्षर तेच, पेपर तोच, पानं वाढली. घोळ इथे होतो की आधी डाउनलोड म्हणून आलेला हा गेम पुढे हिरव्या डब्यात स्वतंत्रही विकला गेला. डबा वेगळा दिसला म्हणून लोक त्याला स्पिन-ऑफ म्हणू लागले.

आता 2001 चा 'लुइजीज मॅन्शन'. गेमक्यूब हे यंत्र जपानमध्ये बाजारात आलं त्याच दिवशी हाही आला. लुइजीला एका स्पर्धेत हवेली बक्षीस लागते, आणि त्या स्पर्धेत त्याने भागच घेतलेला नसतो! आत भुतं, आणि मारिओ एका चित्रात कोंडलेला. इथे लुइजीला उडी मारताच येत नाही. ज्या घराण्याची सगळी मिळकत उडीवर उभी आहे, तिथल्या मुलाची उडीच काढून घेतली. हातात दिलं काय, तर टॉर्च आणि व्हॅक्यूम क्लीनर. भुताच्या तोंडावर झोत मारून त्याला दचकवायचं, मग ओढायचं. भूत उलट्या दिशेला खेचतं आणि लुइजी त्याच्यामागे खोलीभर फरफटतो. बटण दाबलं की तो 'मारिओ!' अशी हाक मारतो, आणि जीव कमी उरला की तीच हाक रडवेली होते. अंधारात धीर यावा म्हणून पार्श्वसंगीतासोबत गुणगुणतोही. रात्री मागच्या अंगणातून जाताना आपणही गाणं म्हणायचोच की.

माझी कसोटी साधी आहे. लुइजीला काढून तिथे मारिओ ठेवून बघा. पहिल्या गेममध्ये वेळेचं गणित जरा बदलावं लागेल, एवढंच. दुसऱ्यात मारिओ भुतांना घाबरणारच नाही, आणि भीती गेली की उरतं ते घराची झाडलोट. स्पिन-ऑफ पात्राच्या स्वभावातून, बहुतेकदा त्याच्या उणिवेतून उगवतो.

दोन्हींच्या मधलं उदाहरण कॅप्टन टोडचं, म्हणजे मारिओच्याच दुनियेतल्या मशरूमसारख्या डोक्याच्या बुटक्याचं. 2013 च्या 'सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्ड'मध्ये तो मोजक्या लेव्हलपुरता पाहुणा होता. पाठीवर जड पिशवी, त्यामुळे उडी नाही. कॅमेरा फिरवून आडोशामागची वाट शोधत जायचं. पुढच्याच वर्षी त्याच कल्पनेवर अख्खा गेम निघाला. पाहुणा म्हणून आला आणि वर्षभरात त्याने वेगळं बिऱ्हाड केलं.

उरला वालुइजी. 2000 च्या 'मारिओ टेनिस'मध्ये मारिओचा खट प्रतिस्पर्धी वारिओ याला जोडीदार हवा म्हणून तो जन्माला आला. चाहते अमाप, पण स्वतःचा गेम आजवर नाही. जुन्याच लेव्हलवर त्याला लांब टांगा टाकत पळवलं तर ती पुरवणी होईल, आणि मला ती नको. 'मारिओ पार्टी 3'मध्ये त्याच्या नावाचं बेट आहे, सापळ्यांनी भरलेलं. तिथून सुरुवात करावी. वालुइजी स्पर्धेचा आयोजक, मैदान त्याने आखायचं, फळ्या आणि खड्डे त्याने लपवायचे. मारिओ, राजकन्या पीच आणि बाकीची मंडळी आपल्या आपण खेळत येतील. त्यांना पाडायचं, पण पंचाच्या नजरेत न येता. आणि शेवटच्या फेरीत त्याला स्वतःलाच त्या मैदानावर उतरावं लागेल, आपण कुठे काय पुरलंय ते आठवत.