टीएसएच वाढते, तेव्हा थायरॉईड मंदावलेली असते

रक्ततपासणीची सवलतीची पॅकेजेस इंदूरमध्ये आता इतकी सुलभ झाली आहेत, की रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या मराठी घरांत साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या जोडीने टीएसएचचा आकडाही सहज चर्चेला येतो. अहवालात ९.८ हा आकडा ठळक छापलेला असतो, शेजारी ०.४ ते ४ च्या आसपासची सामान्य मर्यादा दिलेली असते आणि तो कागद हातात धरून मामी काळजीने सांगतात, ‘माझं थायरॉईड फार वाढलंय.’ बहुतेक वेळा वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट असते.

मुळात टीएसएच हे थायरॉईडचे संप्रेरकच नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली, जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाची पियुषिका ग्रंथी ते तयार करते आणि त्याच्याद्वारे गळ्यातील थायरॉईडला कामाला लावते. थायरॉईड आयोडीनचे चार अणू असलेले टी-४ आणि तीन अणू असलेले टी-३ ही संप्रेरके रक्तात सोडते. पेशींची ऊर्जा वापरण्याची गती, हृदयाचे ठोके, शरीराचे तापमान आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ या सर्वांवर त्यांचे नियंत्रण असते. रक्तात ती पुरेशी असली, की पियुषिका टीएसएच कमी करते आणि ती घटली, की वाढवते. घरात हाकेला ओ मिळाली नाही, की पुढची हाक चढ्या आवाजात दिली जाते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून टीएसएच ९.८ असणे हे सहसा थायरॉईड मंद पडल्याचे लक्षण ठरते, तर टीएसएच फार खाली जाणे हे बहुधा ती अतिरेकी काम करत असल्याचे.

या यंत्रणेतला खरा रंजक भाग पियुषिकेच्या पेशींच्या आत आहे. थायरॉईडमधून मुख्यतः टी-४ बाहेर पडते. परंतु प्रत्यक्ष काम करते ते टी-३. शरीरातील बहुतांश टी-३ थायरॉईडच्या बाहेर, यकृतासारख्या अवयवांत, टी-४ मधील आयोडीनचा एक अणू काढून बनवले जाते. पियुषिकेकडेही हा अणू काढणारे स्वतःचे विकर (एन्झाइम) आहे. त्यामुळे ती रक्तातील टी-४ आत घेऊन त्याचे टी-३ करते. ते टी-३ केंद्रकातील ग्राहीला जाऊन चिकटते आणि टीएसएच बनवणाऱ्या जनुकांचे काम रोखते. म्हणजे टी-४ चा अंदाज घेणे आणि टीएसएचला लगाम घालणे ही दोन्ही कामे त्याच पेशीत होतात. शिवाय हा प्रतिसाद सरळ प्रमाणात नसतो. मुक्त, म्हणजे रक्तातील प्रथिनांना न चिकटलेले, टी-४ निम्म्यावर आले, तर टीएसएच केवळ दुप्पट न होता शंभरपटीच्या घरात जाऊ शकते. टी-४ अजून सामान्य मर्यादेत असतानाच टीएसएच हलते, ते यामुळेच, आणि म्हणूनच डॉक्टर आधी तीच तपासणी सांगतात.

पियुषिकेच्याही वर हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाचे टीआरएच आहे; पियुषिकेला टीएसएच सोडायला सांगणारे संप्रेरक ते हेच. अवघ्या तीन अमिनो आम्लांच्या या रेणूची रचना शोधण्यासाठी रॉजर गिलमँ आणि अँड्र्यू शॅली यांच्या प्रतिस्पर्धी गटांनी मेंढ्यांच्या आणि डुकरांच्या लाखो मेंदूंमधील ऊती वापरल्या. १९६९ मध्ये रचना हाती आली आणि १९७७ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

टीएसएच थायरॉईडच्या पेशींना केवळ कामाला लावत नाही, तर वाढायलाही लावते. आहारात आयोडीन नसेल, तर संप्रेरक बनत नाही, टीएसएचचा मारा चालू राहतो आणि ग्रंथी फुगत जाते, हाच गलगंड. १९५६ पासून कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ पुरवून गलगंडाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटते, हे दाखवून दिले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हे ठाऊक असूनही उपवासाच्या साबुदाणा खिचडीपुरते असलेले सैंधव मीठ ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या वरणभातात घालण्याची टूम निघाली आहे, ती मला अनाकलनीय वाटते; प्रौढाला दिवसाला लागणारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन साध्या सैंधवातून मिळत नाही. सकाळी धन्याचे पाणी पिऊन थायरॉईड ‘मुळापासून’ बरी होते, या संदेशांना तर कसलाही आधार नाही. आयोडीन पुरेसे असतानाही थायरॉईड मंदावण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथीवर केलेला हल्ला होय. हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला हा आजार धन्याच्या पाण्याने थांबत नाही आणि जास्तीचे आयोडीन घेतल्याने उलट बळावू शकतो.

मंदावलेल्या थायरॉईडसाठी दिल्या जाणाऱ्या टी-४ च्या गोळीची मात्रा बदलल्यावर दहा दिवसांतच पुन्हा तपासणी करणेही व्यर्थ असते. रक्तातील टी-४ निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे नवी पातळी स्थिरावून पियुषिका तिच्याशी जुळवून घेईपर्यंत सहा ते आठ आठवडे जातात.

मात्र ही सारी गणिते पियुषिका धडधाकट असल्याचे गृहीत धरतात. तिथेच गाठ झाली असेल किंवा बाळंतपणातील अतिरक्तस्रावाने तिला इजा पोहोचली असेल, तर थायरॉईडचे काम थंडावलेले असूनही टीएसएच सामान्य किंवा कमी दिसते. अशा रुग्णाचा टीएसएचचा आकडा बाजूला ठेवून मुक्त टी-४ पाहावे लागते.