पब्लिक फुटपाथ आणि परमिसिव्ह पाथ: दिसायला सारख्याच, पण एकीला कुलूप लागतं

मागच्या फेब्रुवारीत आईबाबा नातीच्या बारशाला इकडे इंग्लंडला आले होते. बारसं झालं, पाहुणे पांगले आणि एका कोरड्या रविवारी मी दोघांना घेऊन थेम्सकाठच्या एका खेड्यात फिरायला गेलो, गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. चर्चपासून निघायचं, शेतातून जायचं आणि नदीच्या कडेने परत यायचं, साडेचार-पाच मैलांचा राऊंड, म्हटलं सोपंय. जाताना सगळं मस्त. परत येताना गाव समोर दिसतंय, चर्चचा टॉवर दिसतोय, जेमतेम अर्धा मैल राहिलाय आणि गेटला कुलूप. वर नम्रपणे लावलेला कागद, की ही परमिसिव्ह वाट आज एक दिवस बंद आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. आई त्या चिखलात बुटांकडे बघत उभी आणि बाबा (रिटायर्ड तलाठी) कागद वाचून म्हणाले, "म्हणजे ही हक्काची वाट नव्हतीच. मेहेरबानीची होती."

इकडे येऊन मला सात वर्षं झाली, पण हा फरक बाबांनी ज्या एका वाक्यात सांगितला तसा मला कुणी सांगितला नव्हता. आल्या पावली दोन मैल उलटं चालताना जे बोलणं झालं तेच लिहितोय, कारण इकडच्या आपल्या बऱ्याच लोकांचा हाच घोळ होतो, बाण दिसला की चालायला लागायचं.

आधी शब्दाचा गोंधळ मिटवू. आपल्याकडे फुटपाथ म्हणजे रस्त्याच्या कडेची फरशी, वर भेळेची गाडी आणि दोन स्कूटर. इथे त्याला पेव्हमेंट म्हणतात. इथला पब्लिक फुटपाथ म्हणजे शेतातून, कुरणातून, कधीकधी चक्क कुणाच्या अंगणातून जाणारी पायवाट. जमीन खासगीच असते, पण त्या वाटेवरून चालायचा हक्क सगळ्यांचा, म्हणजे गावातल्याचा, लंडनच्या माणसाचा आणि साताऱ्याहून आलेल्या आजीचासुद्धा. घोडा आणि सायकल चालत असेल तर तो ब्रिडलवे, पण तो विषय आज नको.

परमिसिव्ह पाथवर यातला चालण्याचा भाग सगळा तसाच असतो. तेच गवत, तेच गेट. फक्त तिथून आपण जातो ते मालकाने जाऊ दिलं म्हणून. आज हो म्हणाला, उद्या नाही म्हणू शकतो. कुत्रा आणू नका म्हणू शकतो, पक्षी अंडी घालतात म्हणून ठरावीक महिने बंद ठेवू शकतो. पब्लिक फुटपाथवर यातलं काहीही त्याच्या मनावर नाही. वाट हलवायची किंवा बंद करायची तर रीतसर ऑर्डर काढावी लागते, नोटीस लागते, लोक हरकती घेतात, ते वर्षानुवर्षं चालतं. 2001 मध्ये गुरांना लाळ-खुरकूत रोग पसरला तेव्हा देशभर वाटा बंद झाल्या होत्या, पण तेही सरकारी अधिकारात. वन्स अ हायवे, ऑलवेज अ हायवे, असं इथल्या कायद्यातलं जुनं वचन आहे आणि या कायद्याच्या भाषेत शेतातली पायवाटसुद्धा हायवेच.

बाबांचा पुढचा प्रश्न अगदी खात्यातला होता. "मग याचा उतारा कुठे मिळतो?"

मिळतो की. 1949 च्या कायद्याने कौंटी कौन्सिलांना आपल्या हद्दीतल्या अशा सगळ्या वाटांचा सर्व्हे करून नकाशा करायला लावला, त्याला डेफिनिटिव्ह मॅप म्हणतात. त्यावर वाट असली की विषय संपला, मालकाला वाद घालायला जागा नाही. आपण खिशात ठेवतो तो ऑर्डनन्स सर्व्हेचा (इथलं सरकारी नकाशा खातं) एक्सप्लोरर नकाशा, 1:25,000 वाला, त्याच्यात या वाटा तिथूनच उचललेल्या असतात. त्यावर हिरव्या छोट्या तुटक रेघा म्हणजे पब्लिक फुटपाथ, हिरव्या लांब तुटक रेघा म्हणजे ब्रिडलवे आणि परमिसिव्ह वाट केशरी तुटक रेघांत. मी फोनवर झूम करून बघितलं तर आमचा तो अर्धा मैल ढळढळीत केशरी होता, सकाळी बघितलं असतं तर आईचे बूट वाचले असते. बाबांनी मात्र स्क्रीन हातात घेतली ती परत देईनात, ओढा, बांध, गटाच्या हद्दी, "हा तर गावनकाशाच की रे".

तिसरी रेघ असते काळी, खरा दगा तिथे होतो. काळी तुटक रेघ म्हणजे जमिनीवर वाट दिसते एवढंच, जायचा हक्क आहे का नाही यावर नकाशा काहीच बोलत नाही, आणि तसं त्याच्यावर छापलेलंही असतं. माझ्या ओळखीतले निम्मे लोक काळ्या रेघेवरून जाऊन कुणाच्या तरी घोड्यांच्या तबेल्यात निघालेत.

जमिनीवर ओळखायचं तर खांबावरची गोल चकती बघा. पिवळा बाण पब्लिक फुटपाथ, निळा ब्रिडलवे. परमिसिव्हला बऱ्याच ठिकाणी पांढरा बाण असतो किंवा नुसतीच पाटी. गंमत म्हणजे "प्रायव्हेट रोड" लिहिलेल्या फार्मच्या रस्त्यावरून पब्लिक फुटपाथ जाऊ शकतो, गाडीला बंदी आणि पायांना मुभा, तेव्हा पाटी बघून घाबरून मागे फिरू नका, आधी नकाशा बघा. आणि हक्काच्या वाटेवर लोकांना घाबरवणारी खोटी पाटी लावणं हा इथे गुन्हा आहे.

आता ते एक दिवसाचं कुलूप का, हे सांगतो, कारण मला आधी तो निव्वळ आगाऊपणा वाटला होता. इथे नियम असा की लोक एखाद्या वाटेवरून सलग 20 वर्षं, उघडपणे, कुणाला न विचारता, अडथळ्याविना गेले तर ती वाट सार्वजनिक झाली असं धरतात, हे आधी 1932 च्या कायद्यात आलं आणि आता 1980 च्या हायवेज अ‍ॅक्टमध्ये आहे. मेख "न विचारता" मध्ये आहे. परवानगीने गेलात तर ती वर्षं मोजतच नाहीत. म्हणून मालक पाटी लावतो, या, फिरा, स्वागत आहे, आणि वर्षातून एक दिवस गेट बंद करून सलगपणाही मोडतो. म्हणजे ती गोडगोड पाटी पाहुणचारासाठी जितकी, तितकीच भविष्यातला आपला हक्क मारायला. बाबा हे ऐकून एकदम खूश. आपल्याकडे 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातही वहिवाटीला 20 वर्षंच लागतात आणि परवानगीने वापरलं तर वहिवाट धरत नाहीत. "सायबाने तिकडे जे लिहिलं तेच इकडे पाळतोय," असं म्हणून त्यांनी नोकरीतली बांध अडवण्याची तीन प्रकरणं सांगितली, तहसीलदारांपुढे मामलेदार कोर्टाच्या कायद्याखाली चाललेली. एक मैल त्यात गेला. फरक इतकाच की आपल्याकडची ही वहिवाट बहुतेक एका शेतकऱ्याची दुसऱ्याच्या शेतातून असते, स्वतःच्या रानात जायला. इथे कुणाचं रान नाही, काम नाही, नुसतं फिरायला, तरी हक्क.

आणि हा हक्क कागदावरचा नाही हं. जाताना आम्ही ज्या गव्हाच्या शेतातून आडवे गेलो तिथे पिकात बरोबर एक पट्टा मोकळा होता, एकामागोमाग एक चालता येईल एवढा, दोन्ही बाजूला बोटभर हिरवे कोंब. आईला वाटलं आपण पीक तुडवतोय, ती कडेकडेने जायला बघत होती. उलट शेतकऱ्यालाच अशी वाट नांगरली तर 14 दिवसांत पुन्हा चालण्यासारखी करून द्यावी लागते, आडव्या फुटपाथला किमान 1 मीटर रुंद. शेताच्या कडेने जाणारी तर नांगरायचीच नाही. कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या आणि गेटं मालकाने नीट ठेवायची, कौन्सिल खर्चाचा किमान चौथा हिस्सा देतं. परमिसिव्ह वाटेला यातलं काहीच लागू नाही, मालक हौशी असेल तर ती वाट पब्लिकपेक्षा देखणी असते, नसेल तर काटेरी झुडपं. काही ठिकाणी सरकारी योजनेतून शेतकऱ्याला अशा वाटेचे पैसे मिळायचे, करार संपला की वाटही संपली.

नदीकाठी तर जास्तच जपून. आपल्याला वाटतं नदी सगळ्यांची, काठही सगळ्यांचा. इथे काठ बहुतेक खासगी, वाट असेल तिथेच जायचं. थेम्स पाथ 1996 पासून अधिकृत नॅशनल ट्रेल आहे, केंबलजवळच्या उगमापासून वूलिचपर्यंत साधारण 185 मैल, तरी तो मधेच नदी सोडून रस्त्यावर जातो. कारण जुनी वाट बोटी ओढणाऱ्या घोड्यांची, ती जागोजाग काठ बदलायची, पलीकडे जायला होड्या होत्या, त्या होड्या बंद पडल्या.

हे सगळं इंग्लंड-वेल्सचं. स्कॉटलंडला 2003 च्या कायद्याने जबाबदारीने वागलात तर जवळपास कुठेही फिरता येतं, तिथे हा हिशोबच वेगळा.

दुसऱ्या दिवशी गेट उघडलं असणार म्हणून बाबा हट्टाने परत घेऊन गेले. उघडलं होतं. तो अर्धा मैल ते शांतपणे चालले, शेवटी त्या पाटीचा फोटो काढून जुन्या तलाठ्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली पहिलीच कमेंट: "इतर हक्कात नोंद आहे का?"